रेषेपासून चार बोटं

अंतर : चार बोटं

"सर, हात लागला नाय."

कोंडू भोईर भिंतीपुढे उकिडवा बसून बोलला. साईनाथ विशे सर ब्रश रॉकेलात बुचकळत होते. दिवाळीच्या सुट्टीतले अकरा दिवस या भिंतीला दिल्यावर आता कुठेतरी पाठ टेकावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"कुठला हात?"

"चंदरचा. ह्यो बगा." कोंडूने आपला पंजा आडवा करून चित्रातल्या चंदरच्या बोटाखाली आणि पांढऱ्या रेषेच्या वर धरला. चार बोटं बरोबर मावली. "चार बोटं कमी पडला."

"कमी पडला नाही. जागा सोडली आहे."

"कोनासाठी?"

विशे सरांनी ब्रश पुन्हा रॉकेलात बुचकळला.

सावरखिंड हे शहापूर तालुक्याच्या अगदी कडेचं गाव. ओढा ओलांडला की मुरबाड तालुका, आणि त्या तालुक्यातलं पहिलं गाव टेंभुरली. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या, एकाच गिरणीत दोघांचं भात भरडलं जायचं, आणि माघात पंचक्रोशीची कबड्डी स्पर्धा झाली की पुढचे दोन महिने कोणी कोणाच्या घरी पाणी प्यायचं नाही. गेल्या माघात अंतिम सामन्याची शेवटची चढाई सावरखिंडीच्या चंदरची होती. टेंभुरलीच्या तिघांनी त्याला धरला, तो तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला, पंचांची शिट्टी वाजली आणि फिरती ढाल सावरखिंडीला आली. तेव्हापासून टेंभुरलीचा प्रत्येक माणूस लग्नात, दहाव्याला, गिरणीवर एकच वाक्य बोलत होता, की हात लागला नव्हता.

कोंडू गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. त्याने ठरवलं, हा विषय कायमचा मिटवायचा. तो क्षणच व्यायामशाळेच्या भिंतीवर काढून घ्यायचा. भिंत एस.टी.च्या थांब्यासमोर होती. म्हणजे टेंभुरलीच्या माणसाला शहापूरच्या बाजाराला जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दिवसातून दोनदा तो हात दिसला असता.

विशे सर शाळेत चित्रकला शिकवत. शाळेला खेळाचा शिक्षक नव्हता म्हणून पी.टी.चे तासही त्यांच्याकडेच होते, आणि शिट्टी गळ्यात घालूनच ते फळ्यावर माठ काढत. एकोणीस वर्षांत त्यांनी माठ काढले, केळी काढली, 'पाणी अडवा पाणी जिरवा' लिहिलं, साहेब आले की रांगोळ्या काढल्या. स्वतःच्या मनातलं एक चित्र मात्र साऱ्या तालुक्यात कुठे नव्हतं. म्हणून भिंत मिळाली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, काम चालू असताना कोणी काही सांगायचं नाही. कोंडूने लगेच मान डोलावली. त्यात सांगण्यासारखं काय होतं? एक हात आणि एक रेषा.

पण एकोणीस वर्षं पी.टी.च्या तासाला करंजाच्या झाडाखाली बसून, कंटाळलेल्या डोळ्यांनी पोरांची कबड्डी बघताना सरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. धरलेला पोरगा रेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचं अख्खं अंग बोटांच्या टोकात जातं. पाठ, मान, डोळे, सगळं तिथे गोळा होतं. आणि हात लागला रे लागला की अंग सैल पडतं. तो पुन्हा साधा पोरगा होतो आणि नाक पुसायला लागतो.

हे त्यांनी कोंडूला समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "लागल्यावर काय काढायचं? लागल्यावर सगळं संपतं."

"संपत नाय, सर," कोंडू शांतपणे बोलला. "लागल्यावर ढाल मिलते."

अंतर : तेवढंच, पण फोटोत

सोमवारी टेंभुरलीचा जाणू बाजाराला निघाला होता. जाणू म्हणजे त्यांच्या संघाचा कप्तान, चित्रात चंदरच्या कमरेला मिठी मारून लोंबकळणारा. थांब्यावर एस.टी. थांबली तशी त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिकीट शहापूरचं असूनही तो तिथेच उतरला. दहा मिनिटं बघत उभा राहिला. मग सरळ शाळेत गेला आणि वर्गाच्या दारातून त्याने विशे सरांना हात जोडले.

"एवढ्या गावात तुमी एक खरा मानूस निघालात, सर."

सर पाचवीला केळं शिकवत होते. ते म्हणाले, "कशाबद्दल?"

"ते मी आता बोलत नाय. कागदावर बोलतो."

दुपारी जाणू शहापूरच्या फोटो स्टुडिओतल्या माणसाला स्कूटरवर घेऊन आला. त्या माणसाने भिंतीचा नाही, चंदरचा नाही, फक्त बोटाचा आणि रेषेचा फोटो काढला. आठ दिवसांत स्पर्धा समितीकडे अर्ज गेला. तो असा :

"अर्ज करतो की, गेल्या माघातील अंतिम सामन्यात हात लागला नव्हता, हे सावरखिंड मंडळाने आता स्वखुशीने, भर रस्त्यावर, ऑइल पेंटमध्ये कबूल केले आहे. सबब ढाल टेंभुरलीस मिळावी. सोबत फोटो एक (रंगीत)."

अर्जाची नक्कल घेऊन कोंडू पी.टी.च्या तासाला हजर झाला. सर करंजाखाली बसले होते.

"सर, बोटं वाडवा."

"चार बोटांनी बोटं वाढवली तर तो माणसाचा हात राहील का?"

"मंग रेषा वर घ्या."

"रेषा वर घेतली तर अख्खं मैदान वर उचलावं लागेल."

"मंग उचला," कोंडू बोलला. जसं काही मांडवाची एक मेढ हलवायची होती. "सर, ढाल गेली ना, तर मी ओढ्यापल्याड तोंड नाय दाखवू शकत. माजी बायको टेंभुरलीची हाय. सासऱ्याच्या घरी जेवायला बसलो की तो मानूस मला भात वाढताना बोलतो, घ्या, हात लागतोय का बगा."

सरांना त्याची दया आली. पण बोट वाढवावंसं वाटलं नाही. असं का, ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की त्या चार बोटांच्या जागेत त्यांची एकोणीस वर्षं बसली आहेत आणि ती बुजवली तर भिंतीवर फक्त आणखी एक माठ उरेल.

घरी सरांच्या पत्नी नम्रताबाई भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "लावून टाका की हात. चार बोटांनी काय होतंय?"

"चित्रात जागा लागते. श्वास घ्यायला."

"तुम्ही कपाट आणि भिंतीमध्ये पण अशीच जागा सोडली होती. तिथे उंदरीण व्याली."

सर ताटावर बसले.

अंतर : चंदरच्या म्हणण्यानुसार

आटगावजवळच्या एका गोदामात चंदर मालाला पट्ट्या मारायचं काम करी. संध्याकाळी सायकलवरून येता येता तो भिंतीपाशी थांबला. सर तिथेच होते. आपल्या चित्रापुढे उगाच उभं राहायची त्यांना सवय लागली होती.

"चंदर, खरं सांग," सर म्हणाले. "हात लागला होता का?"

चंदरने सायकलचं स्टँड लावलं.

"सर, तिघं अंगावर व्हते. नाकातोंडात माती. दम सुटंल म्हनून डोले मिटलेले. मंग शिट्टी वाजली, पोरांनी मला उचलला, कोनीतरी गुलाल घातला. तवा मी म्हटलं, लागला असंल."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"मला कोनी विचारलंच नाय कदी. सगल्यांना माहीत व्हतं." मग तो चित्राकडे बघत राहिला. "माजं तोंड असं व्हतं का पन?"

"असंच असतं."

"आई बगून बोलली, पोराच्या पोटात दुखतंय काय."

अंतर : शून्य (पडवळासकट)

कोंडूचा एक चुलतभाऊ बैलांची शिंगं रंगवायचा आणि टेम्पोच्या मागे नावं लिहायचा. गुरुवारी सर शाळेत असताना, भर दुपारी, कोंडूने त्याला शिडीसकट आणला. त्याला काम सांगितलं एवढंच, की बोट रेषेला लागलं पाहिजे. त्या माणसाने काम चोख केलं. पाच बोटं वाढवायला वेळ लागला असता, म्हणून त्याने मधलं एकच बोट वाढवलं. शिंगाचा हात बसलेला असल्याने ते टोकाला जरा वळलंही.

आठवीची पोरं धावत वर्गात आली.

"सर, चंदरदादाच्या हातातून पडवल निघालंय."

सर जाऊन बघून आले. त्यांना राग यायला हवा होता, पण रागालाही थोडी ताकद लागते. ते पायरीवर बसले. पडवळाला नखही काढलेलं होतं, तांबडं.

जाणूने तेवढ्यात दुसरा अर्ज ठोकला. "पुराव्यात खाडाखोड. सोबत फोटो दोन, आधीचा व नंतरचा." आधी जी गोष्ट फक्त दोन गावांना माहीत होती ती आता आजूबाजूच्या दहा गावांत गेली. एस.टी. थांब्यावर जास्त वेळ थांबायला लागली. कंडक्टर घंटी द्यायच्या आधी एकदा भिंतीकडे बघून घ्यायचा.

कोंडू हटला नसता. पण शनिवारी चंदरची आई सकुबाई भिंतीपुढे आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "कोंडू, माज्या पोराला बगायला पावने येनार हायेत. असलं बोट बगून कोन पोरगी देल? आं? त्या परीस नाय लागला तरी चालंल."

"मावशे, ढालीचा प्रश्न हाय."

"ढाल नांदायला येनार हाय काय माज्या घरी?"

रविवारी सरांनी पडवळ खरवडलं, मातीचा रंग पुन्हा भरला, बोट होतं तिथे आणून ठेवलं. अंतर पुन्हा चार बोटं झालं. कोंडूने स्वतः पंजा लावून मोजलं आणि उसासा टाकून घरी गेला.

अंतर : सुनावणीत

मार्गशीर्षातल्या एका सकाळी स्पर्धा समितीचे प्रमुख धर्मा पंच भिंतीच्या पाहणीला आले. अंगात पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. गेल्या माघात ती शिट्टी त्यांनीच वाजवली होती. दोन्ही गावं जमली. एका बाजूला सावरखिंड, दुसऱ्या बाजूला टेंभुरली, आणि मध्ये कोणी न सांगता एक मोकळा पट्टा राहिला.

"मी शिट्टी दिली म्हंजे हात लागला," धर्मा पंच बोलले. "पन समितीकडं फोटो आलेत. फोटोला मी 'नाय' बोलू शकत नाय. सर, तुमी सामन्याला व्हता?"

"होतो. मागच्या बाजूला."

"तुमाला काय दिसलं?"

सरांनी खरं ते सांगितलं. "धुरळा."

"मंग धुरला का नाय काढलात?"

त्या क्षणी सरांना वाटलं, की हे आपल्याला सुचायला हवं होतं. वीस फुटी भिंतभर नुसता तांबूस धुरळा. किती सुंदर दिसला असता, आणि कोणाची बिशाद होती मोजायची.

धर्मा पंचांनी खिशातून टेप काढली, अंतर मोजलं, वहीत लिहिलं. मग मागे सरकून त्यांनी भिंत नीट न्याहाळली, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांचं बोट आपोआप हवेत फिरायला लागलं. खेळाडू मोजून झाले. बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजून झाले.

"जाणू," ते बोलले, "टेंभुरलीचे आठ कसे?"

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. तिघं चंदरच्या अंगावर, चौघं मागे धावत येणारे, आणि उजव्या कोपऱ्यात, वाकून, हात पसरून उभा असलेला एक आठवा. चांगला दणकट होता. तीन आठवड्यांत तो कोणाच्या नजरेत आला नव्हता, कारण सगळे बोट मोजत होते.

सर हळूच म्हणाले, "उजवा कोपरा फार रिकामा वाटत होता."

कोंडू त्यांच्याकडे वळला. "म्हंजे हिकडं जागा नको व्हती ती तुमी सोडलीत, आन तिकडं व्हती ती भरलीत?"

"हो."

पण कोंडूचं डोकं तोवर पुढे पळालं होतं. त्याचा चेहरा तीन आठवड्यांत पहिल्यांदा उजळला. तो मोकळ्या पट्ट्यात येऊन उभा राहिला.

"पंच, लिवून घ्या. टेंभुरली आठ गडी घेऊन खेलत व्हती. सात असते तर आमचा चंदर लागला असता. आठव्याने आडवला. ढाल राहू द्या, ह्यांना पाच वर्सं बंदी घाला."

"आठवा आमचा नाय," जाणू बोलला. "तो सरांनी काडला."

"हातबी सरांनीच काडला."

जाणूने कोपऱ्यातल्या आठव्याकडे पाहिलं, मग बोटाकडे, मग हातातल्या रंगीत फोटोकडे. एक खरा म्हटला की दुसरा खरा होत होता. तेवढ्यात टेंभुरलीकडून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "पन तो आठवा दिसतो कोनासारका?" आणि त्याला गप्प बसवण्यात आलं.

धर्मा पंच अनुभवी माणूस. त्यांनी वही मिटली.

"म्हंजे दोघांचंबी म्हननं असं, की हे चित्र हाय."

"चित्रच हाय," जाणू घाईने बोलला.

"नुसतं चित्र," कोंडू बोलला.

"खेलाशी काय संबंद?"

"काडीचा नाय," दोघं एकदमच बोलले. पाच वर्षांत कुठल्याही गोष्टीवर त्यांचं असं एकमत झालं नव्हतं.

"मंग अर्ज मागं घ्या. ढाल जिथं हाय तिथं राहील. आन सर, भिंतीवर तसं लिवून टाका, म्हंजे पुन्ना कोन फोटो घेऊन माज्या दारात येनार नाय."

"खाली कोपऱ्यात लिहितो. बारीक," सर म्हणाले.

"कोपऱ्यात नको. फोटोवाला कोपरा कापतो. हात आन रेषेचा फोटो काडला तरी वाचता आलं पायजे." धर्मा पंच भिंतीपाशी गेले. चित्रात मोकळी जागा कुठे आहे ते त्यांनी बघितलं. शोधायला फार वेळ लागला नाही. "हे बगा. बोट आन रेषेच्या मदी. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा मोकला हाय. अक्षरं चार बोटं उंच येतील. बरोबर बसतंय."

सरांनी काही म्हणायला तोंड उघडलं. समोर दोन गावं होती, दोन्ही खूश. त्यांनी तोंड मिटलं.

अंतर : मजकूर

अक्षर चांगलं असं गावात सरांचं एकट्याचंच, त्यामुळे ते काम दुसऱ्यावर ढकलायचीही सोय नव्हती. पुढच्या रविवारी ते पाट घेऊन भिंतीपुढे बसले आणि काळ्या रंगात एकेक अक्षर लिहीत सरकत गेले :

सदर चित्र हे केवळ चित्र असून त्याचा खेळाशी काहीही संबंध नाही

तीन तास लागले. अक्षरं नेटकी आली होती. आता वरून शिरोरेषा द्यायची होती. फळ्यावर सवय असल्याने सरांनी दोरी न लावता, श्वास रोखून, पाटावरून सरकत, वीस फुटांची रेषा हातानेच ओढली. शब्दाशब्दाला ब्रश उचलत ते पुढे जात होते. 'केवळ'पाशी आल्यावर ब्रश चंदरच्या बोटाला अगदी चिकटून गेला. त्यांनी ते पाहिलं. पण रेषा मध्येच थांबवता येत नाही.

मागे कोंडू उभा होता. त्याने येऊन पंजा आडवा लावून पाहिला. आता एक बोटही मावत नव्हतं.

"टेकला," तो समाधानाने बोलला. "कुटल्या का रेषेला असंना."

आणि सासऱ्याकडे जेवायला निघून गेला.

सर डबे आवरायला लागले. दुपारची एस.टी. आली आणि जाणू उतरला. तो भिंतीपुढे उभा राहिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठ हलवत वाचत गेला. 'नाही'पर्यंत पोचल्यावर त्याने मान डोलावली.

"सर, आमच्या गावातबी एक भिंत हाय. पोरं बोलतात, चित्र पायजेच. तीच चढाई, पन आमच्या बाजूनं."

सरांनी ब्रश पुसता पुसता डोळे मिटले. "जाणू, मी दमलोय रे. तुमचा हात कुठे हवा, किती बोटं हवा, ते आधी सगळ्यांनी ठरवून, सह्या करून या."

"ते नाय ठरवत आमी," जाणू बोलला. "तुमी पयली ही, खेलाशी संबंद नाय वाली ओल लिवा. खाली, एका बाजूला, मोट्या अक्षरात. एकदा ही ओल पडली ना, की मंग वरती हात लावा, नका लावू, धा गडी काडा, नायतर नुसता धुरला काडा. आमाला कोन विचारनार?"

एस.टी. हलली. कंडक्टर खिडकीतून मजकूर मोठ्याने वाचत गेला.

विशे सर हातात ब्रश धरून तसेच बसले होते. पाठ दुखत होती. संध्याकाळी पाचवीच्या केळ्यांच्या वह्या तपासायच्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग जाणूकडे पाहिलं, आणि विचारलं,

"भिंत केवढी आहे?"